इंदिराअक्कांच्या दारातले बेचाळीस फूट

८ जानेवारी, गुरु.

देवनहळ्ळीहून बेळ्ळंदूरला परत यायला अडीच तास. पाठीचा भुगा. पण काम मिळेलसं वाटतंय.

सिव्हिल इंजिनियरची नोकरी सोडून चार महिने. स्वतःच्या नावावर आतापर्यंत एक कंपाउंड वॉल आणि एका गच्चीची दुरुस्ती. हे झालं तर काँक्रीटचं पहिलंच.

इंदिराअक्का, वय सहासष्ट. पोस्टात तीस वर्षं क्लार्क, आता रिटायर, एकट्या राहतात. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक. घरात कुबडी, बाहेर मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. किल्ल्यामागच्या गल्लीत घर. रस्त्यापासून पायरीपर्यंत सगळा चढ. टेप लावली: बेचाळीस फूट लांब, बारा रुंद. पूर्वी दगडी फरश्या होत्या. पाण्याच्या पाइपासाठी उखडल्या आणि मग कशाबशा परत टाकल्या. रस्त्याकडच्या टोकाला तर एकदम उभं. दिवाळीत स्कूटर तिथेच उलटली, अक्का तिच्याखाली.

घराणं कित्येक पिढ्या इथलंच. मराठीत निम्मं कन्नड. "स्वल्प थांब गं, काफी घे, मग मोज." माझं नागपुरी ऐकून त्यांना हसू, त्यांचं ऐकून मला.

दोन ठेकेदारांचे भावाचे कोट आधीच त्यांच्या हातात होते. एक अठ्ठ्याहत्तर हजार, दुसरा दोन लाख दहा. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून म्हणाल्या, "जागा एकच, अल्वा, होय ना? मग मला सांग, ह्या दोघांत खोटं कोण बोलतंय?"

म्हटलं, सोमवारी सांगते.

निघताना कळलं, मुलाला त्यांना सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर कायमचं न्यायचंय. दार नीट झालं तर राहतील, नाहीतर...

१० जाने., शनि.

सकाळभर कोट. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नाहीये. दोघं दोन वेगळ्या वस्तूंचे भाव सांगताहेत, एवढंच.

अठ्ठ्याहत्तरवाला: फरश्या काढायच्या, खालच्या मातीवरच तीन इंच काँक्रीट, जागेवर कालवून. लोखंड नाही. चढ आहे तसाच. वरून गुळगुळीत घोटाई. दिसायला महिनाभर झकास. त्या गुळगुळीतावर पावसात साइड-व्हीलची स्कूटर! अंगावर काटा आला.

दोन लाख दहावाला: सहा इंच, दुप्पट लोखंड, वर दगडाचा छाप, रंग, चकाकी. काम चांगलं करतात, पाहिलंय मी. पण छापाच्या खाचांतून अक्कांची चाकं दडदडणार, आणि सहा इंच कशाला? ह्यावरून काय जाणार हे त्यांनी विचारलंच नाही. मी विचारलं होतं. पाण्याचा टँकर रस्त्यावरच उभा राहतो, पाइप आत ओढतात. मुलाची कार महिन्यातून दोनदा. बाकी स्कूटर.

म्हणून माझं: पाच इंच, खाली चार इंच खडी-मुरूम दाबून, लोखंडाची एक जाळी, प्लँटमधून आलेलं काँक्रीट, वर झाडूने ओढलेला खरखरीतपणा. आणि मुख्य म्हणजे चढ. एकूण उंची साडेतीन फूट. बेचाळीस फुटांत सारखी वाटली तर बाराला एक, म्हणजे बारा फुटांत एक फूट. आज पहिल्या बारा फुटांतच दोन फूट चढून जातात. मधला फुगवटा खोदून उतरवायचा. आडवा उतार अगदी जेमतेम, पाणी कडेला जाईल इतकाच. आडव्या उतारावरच ही स्कूटर कलते.

एक लाख छत्तीस हजार. नवऱ्याला, सौरभला दाखवलं. म्हणाला, "निम्मे पैसे तर जमिनीखाली गेले. ते त्यांना दिसणार कसे?"

तेच तर सांगायचंय.

१२ जाने., सोम.

फोन. अक्कांबरोबर मुलगा दिलीप पण लाइनवर.

मी तिन्ही कोट समजावले. अक्कांनी मधे एकदाच विचारलं, "खालच्या खडीचे पैसे वाचवले तर?" म्हटलं, पाइपासाठी खणलेल्या चारीत भरलेली माती एक दिवस बसेल. मग वरचं कितीही जाड असो, तुटेल. "सरी, ठीक," म्हणाल्या.

दिलीप: "मॅडम, डोन्ट माइंड, पण हा खर्चच कशाला? आई सहा महिन्यांत इकडे शिफ्ट होणारच आहे."

अक्का: "मी केव्हा म्हटलं?"

आणि तो काही म्हणायच्या आत: "माझ्या पेन्शनचे पैसे आहेत. मंजिरी, तू कर."

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन उगीच दोन ग्लास पाणी प्यायले.

१५ जाने., गुरु.

संक्रांत. ह्या कामाला घेतलेला बसप्पा मेस्त्री सोमवारी येतो म्हणून गावी गेलाय, रायचूरकडे. अक्कांना तिळगूळ कुरियर करायचं मनात होतं, त्याआधी त्यांचाच डबा दिलीपच्या ऑफिसातल्या कोणाबरोबर पोचला. येळ्ळू-बेल्ला: तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, सगळं बारीक कापलेलं. गुळाचे तुकडे एकसारखे. मोजून कापल्यासारखे. पोस्टातली बाई.

२१ जाने., बुध.

खोदाई. आज पाइपाच्या चारीवर आलो आणि बसप्पाने हात वर केला. कुदळ घातली की भसकन आत. बुजवताना त्यांनी माती घातलीच नव्हती. शहाळ्यांची टरफलं, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, कोणाची तरी एक चप्पल. आठ फूट लांब, तीन फूट खोल.

हेही सगळं काढून खडी भरायची. सहा हजार जादा.

कोटच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'जमिनीखाली काही निघाल्यास वेगळे.' लिहिलं होतं, पण तोंडाने सांगितलं नव्हतं. अक्का कुबडीवर येऊन काठाशी उभ्या राहिल्या. खड्ड्यात बघून, "अय्यो! ह्याच्यावर मी गाडी घालत होते." मग माझ्याकडे: "पण हे तू आधी का नाही सांगितलंस? कागदात लपवलंस होय?"

लाज वाटली. निम्मे माझे म्हटलं. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. संध्याकाळी पाठीमागून हाक मारून, "निम्मे. आयतु." म्हणजे झालं, ठरलं.

आमचं साइटवरचं बोलणं म्हणजे हिंदी-कन्नडची खिचडी. इथे मराठीतच लिहितेय. बसप्पा ट्रकमध्ये चप्पल टाकताना म्हणाला, "दुसरी पण मिळाली असती तर घातली असती."

२५ जाने., रवि.

दिलीप कार घेऊन आला, आईला न्यायला. काम संपेपर्यंत त्या फ्लॅटवर. दुसरा इलाजच नाही, दारात तीन फूट खड्डा. स्कूटर शेजारच्यांच्या अंगणात.

बॅगेत किती साड्या भरल्या ते मी बघत होते. चार. बरं वाटलं.

अक्का शेजाऱ्यांना किल्ली द्यायला गेल्या तेव्हा दिलीप माझ्याजवळ आला. मला वाटलं पैशांवरून काही बोलेल. म्हणाला, "दिवाळीत ती पाऊण तास स्कूटरखाली पडून होती. गल्लीत सगळे फटाके उडवत होते. तिच्या हाका कोणाला ऐकूच गेल्या नाहीत. मी आलो तेव्हा ती मलाच म्हणाली, एवढं तोंड पाडू नकोस, पाय तसाही कामाचा नव्हता." मग खड्ड्याकडे बघत, "तुम्ही रस्ता चांगला कराल. पण पुढच्या वेळी?"

तेवढ्यात अक्का आल्या, त्याने बॅग उचलली.

इतके दिवस मी त्याला मनातल्या मनात व्हिलन केलं होतं. चूक.

२८ जाने., बुध.

खडी-मुरूम दाबून झाला. कॉम्पॅक्टर तीनदा फिरवला. कडेच्या फळ्या लागल्या, चढ पाण्याच्या नळीने तपासला, बाराला एक, कुठेही अर्ध्या इंचाचा फरक नाही. जाळी ठोकळ्यांवर उचलून ठेवली. कितीतरी ठिकाणी ती जमिनीवरच पडून असते आणि काही कामाची नसते.

अक्कांचा फोन सहाव्या मजल्यावरून. "लिफ्टमध्ये सगळे हाय आंटी म्हणतात. नाव एकानेही विचारलं नाही. किती दिवस गं अजून?" शनिवारी काँक्रीट, त्यानंतर दहा-बारा दिवस.

३१ जाने., शनि.

लिहून टाकते सगळं, म्हणजे डोकं हलकं होईल.

ट्रक साडेआठला यायचा. ओळखीच्या प्लँटचा, पैसे थोडे नंतर दिले तरी चालतील म्हणून घेतला. पण प्लँट शहराच्या आतल्या बाजूला. फ्लायओव्हरवर कुठलीशी लॉरी उलटलेली. नऊ, दहा. बसप्पाची सहा माणसं सावलीत बसून. ट्रक आला अकरा वीसला. पावतीवर माल भरल्याची वेळ सात पन्नास. साडेतीन तास!

काँक्रीट तपासायचा लोखंडी कोन काढला, भरला, उचलला. काँक्रीट बसलं पाहिजे ना, ते ताठ उभंच. ड्रायव्हर खाली उतरला, टाकीच्या पाण्याची नळी सोडवायला लागला. "थोडं पाणी मारतो मॅडम, लगेच वाहील. सगळे तेच करतात."

खरंय. सगळे तेच करतात. मीसुद्धा केलंय.

दोन वर्षांपूर्वी, जुन्या कंपनीत, बेसमेंटचा रॅम्प. असाच उशिरा आलेला ट्रक, असंच पाणी. मी समोर उभी. साहेब म्हणाले, पावतीवर सही कर. केली. दोन महिन्यांत रॅम्पचा वरचा थर पापडासारखा सुटला. मीटिंगमध्ये ठरलं की मेस्त्रीची घोटाई वाईट. त्याचं पुढचं सगळं काम काढून घेतलं. मी मान खाली घालून बसले होते. तो मेस्त्री म्हणजे बसप्पा.

ड्रायव्हरला म्हटलं, नळी ठेवा. परत न्या.

मग दीड तास फोन. प्लँटवाला: उशिरा आळायचं औषध घातलंय, चार तास चालतं. म्हटलं, मग कोनात का बसत नाही? तो: पूर्ण ट्रकचे पैसे द्यावे लागतील. मी: बघू. ट्रक गेला. गल्लीतले लोक गॅलरीतून बघत होते. एकजण शेजारच्याला मोठ्याने म्हणाला, "लेडीज इंजिनियर, अल्वा, त्यामुळे."

माणसांना दिवसाची मजुरी दिली. बसप्पा हत्यारं धुवत होता. न वापरलेली हत्यारं धुवत होता! त्याच्याजवळ जाऊन बसले आणि रॅम्पचं सगळं सांगितलं. सहीचं पण.

तो म्हणाला, "गोत्तु, मॅडम." माहीत आहे. "पावती मी पाहिली होती. खाली तुमचं नाव."

"मग मी बोलावलं तेव्हा आलात का?"

थापी पालथी घालून वाळत ठेवली. "तुम्ही फोनवर पहिल्यांदा काय म्हणालात आठवतं? म्हणालात, रेट तुम्ही सांगा. मला आजपर्यंत कोणी असं विचारलं नव्हतं." मग, जरा वेळाने, "आणि मला वाटलं, कधीतरी सांगाल."

एवढंच. मला रडू आलं, त्याने दुसरीकडे बघितलं.

आजचा दिवस पार वाया. आणि तरी घरी येताना बसच्या खिडकीशी इतकी गाढ झोपले की कंडक्टरने उठवलं.

१ फेब्रुवारी, रवि.

दिलीपला फोन केला, सगळं खरं सांगितलं. तो चिडला नाही. तेच वाईट. "इट्स ओके मॅडम, टेक युअर टाइम. आई इथे आरामात आहे. आम्ही तिच्यासाठी वेगळा बेड पण ऑर्डर केलाय."

वेगळा बेड.

मागून अक्कांचा आवाज, "दे इकडे." मग मला: "पाणी घालू दिलं असतंस तर काय झालं असतं?"

"वर्षभर काही नाही. मग वरचं सुटायला लागलं असतं. खडे वर आले असते."

"आणि माझी चाकं त्याच्यावर."

"हो."

"मग परत पाठवलंस ते बरं केलंस. पोस्टात पण एकदा मी अख्खी गोणी परत पाठवली होती, सील तुटलेलं होतं म्हणून. साहेब आठ दिवस बोलले नाहीत." हसल्या. "पण लवकर कर गं. इथे मला भाजी पण चिरू देत नाहीत."

२ फेब्रु., सोम.

नवा प्लँट सापडला. देवनहळ्ळीच्या पुढे, साइटपासून बारा किलोमीटर. घनमीटरला तीनशे जास्त आणि पैसे आधी. आधीच हाच का नाही घेतला? कारण उधारी. स्वस्तातलं महागात गेलं ते माझंच.

जुन्या प्लँटवाल्याशी तोड निघाली: फक्त गाडीभाड्याचे सहा हजार. पावतीवरच्या वेळेचा आणि कोनाचा फोटो पाठवल्यावर त्याचा आवाज उतरला. सुटले!

४ फेब्रु., बुध.

झालं!!

पहाटेच निघाले. माल भरला सहा चाळीसला, ट्रक दारात सात पंचवीसला. कोन उचलला, काँक्रीट शहाण्यासारखं बसलं. बसप्पाने माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली.

खालून वर असं ओतत गेलो. फावडी, व्हायब्रेटर, मग दोघांनी दोन बाजूंनी धरलेली लांब पट्टी. मी जाळीच्या मागे मागे, कुठे खाली दबली की हुकाने वर ओढत. पाणी वर आलेलं सुकू द्यायला बसप्पाने सगळ्यांना बळेच थांबवलं. घाई करायची नाही, त्याचं ठरलेलं. मग झाडू. आडवा, एका दमात, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, दर वेळी झाडू धुऊन. बेचाळीस फूट. शेवटच्या फुटाला मी श्वास रोखून धरला होता.

साडेअकराला संपलं. चाचणीचे सहा ठोकळे भरून ठेवले. ओलं गोणपाट पसरलं. सगळ्यांना कोपऱ्यावरच्या हॉटेलातून इडली-वडा, मी तीन वडे खाल्ले.

अक्कांना फोटो पाठवला. उत्तर: 'छान. मांजर चढू देऊ नको.'

५ फेब्रु., गुरु.

सांधे कापायला मशीन आणलं. दर दहा फुटांवर एक आडवी चीर, म्हणजे तडा जायचाच असेल तर तिथून जाईल. वरच्या टोकाला गोणपाट उचललं तर केसांसारख्या बारीक चिरा. हाताच्या पंजाएवढ्या भागात, जाळं.

बसप्पा गुडघ्यावर बसला, हातोडीच्या दांड्याने ठोकत गेला. टण् टण् टण्. कुठेच पोकळ नाही. नखाने बघितलं, नख अडकत नाही. वाऱ्याने त्या कोपऱ्यातलं गोणपाट सरकलं होतं, वरची साय लवकर सुकली. आत काही नाही.

तरीही अक्कांना कळवलं. कागदात लपवलंस, हे एकदाच ऐकून पुरे झालंय. चिरांचा फोटो, कारण, आणि धोका नाही हे. त्यांनी विचारलं, "मोठ्या होतील?" नाही. "मग माझ्या चेहऱ्यावरच्यापेक्षा कमीच आहेत."

दिलीपचा मात्र मेसेज आला: 'इज धिस नॉर्मल?' त्याला पण तेच सगळं लिहिलं. दोन निळ्या टिक्स. उत्तर नाही.

११ फेब्रु., बुध.

सात दिवसांच्या ठोकळ्यांचा रिपोर्ट. मजबुतीचा आकडा सतरा आला तरी पुरे होता. अठरा पॉइंट सहा! लॅबच्या जिन्यात बसून तीनदा वाचला. बसप्पाला फोन. "मी सांगितलं होतं ना," म्हणाला. काही सांगितलं नव्हतं त्याने.

हिशेब पण केला. बावीस हजार सुटतील धरलं होतं. परत पाठवलेल्या ट्रकचं भाडं, त्या दिवसाची मजुरी, चारीतले माझे निम्मे, महाग प्लँट, हे वजा जाऊन पाच हजार सहाशे. सौरभ म्हणाला, "महिन्याभरात पाच हजार?" म्हटलं, हो. आणि हसायला लागले. तोही हसला. नोकरीत पगाराच्या दिवशी कधी एवढं हलकं वाटलेलं आठवत नाही.

१३ फेब्रु., शुक्र.

दिलीपचा फोन, स्पीकरवर. "मी वाचलं की काँक्रीटला अठ्ठावीस दिवस लागतात. सो मार्चमध्ये बघू. तोवर आई इथे सेटल होईल."

खरं तर एवढंच म्हणून सोडून द्यायचं होतं की हो, अठ्ठावीस. त्यात खोटंही काही नव्हतं. त्यांच्या घरातलं मी कोण बोलणारी? पण स्पीकरवर अक्का ऐकताहेत हे कळत होतं, त्यांच्या कुबडीचा आवाज येत होता.

म्हटलं, "कारला अठ्ठावीस. चालायला काहीच हरकत नाही. स्कूटरला दहा दिवस पुष्कळ."

मग अक्का: "दहा दिवस उद्या होतात."

"आई, उद्या ऑफिसात माझी रिलीज आहे, मला सुट्टी नाही."

"तू कशाला? कॅब असते की. तुझ्या मुलीने शिकवलं मला."

मी हळूच फोन ठेवला. योग्य केलं का? दिवसभर ते फटाके आणि त्या हाका डोक्यातून जात नाहीत.

१५ फेब्रु., रवि.

काल अक्का एकट्या कॅबने आल्या. मी गेटपाशी उभी. पाठोपाठ दिलीपची कार, रिलीज टाकून. कार बाहेर रस्त्यावरच लावली त्याने, न सांगता.

अक्का आधी कुबडीने चढल्या. मधे दोनदा थांबल्या, दमून नव्हे. कुबडीचं टोक आपटून आवाज ऐकत होत्या, बसप्पासारखाच. मग शेजाऱ्यांकडून स्कूटर मागवली. तीन आठवडे उभी, चौथ्या किकला चालू झाली.

खालून वर पहिली फेरी. दिलीप बाजूने जवळजवळ धावत, हात पसरून, लहान मूल सायकल शिकताना बाप धावतो तसा. अक्कांनी मान न वळवता, "बाजूला हो रे, चाकाखाली येशील." गाडी कुठेही कलली नाही. पायरीपाशी पोचल्या, ब्रेक लावला, हात सोडून दाखवले. उतारावर उभी गाडी, जागच्या जागी.

वळवून खाली. परत वर. पाच फेऱ्या. बसप्पा एक एक मोजत होता, मोठ्याने, कन्नडमध्ये. गल्लीतली दोन माणसं गॅलरीत आली. मला तो मागचा लेडीज इंजिनियरवाला दिसला, त्याने नजर चुकवली. चुकवू दे.

मग दिलीप एकटाच खाली जाऊन चालत वर आला. बूट घासून बघितला. दोनदा. माझ्याकडे येऊन, "गुड वर्क." जरा थांबून, "आता भीती रस्त्याची नाही. भीती तिची आहे. ती विचारत नाही, नुसती निघते."

म्हटलं, फोन गळ्यात अडकवायची दोरी मिळते. त्याने ऑर्डर केली, तिथेच उभ्या उभ्या.

उरलेले पैसे अक्कांनी पाकिटातून दिले, वर पेनने 'मंजिरी, पूर्ण' असं लिहून. बसप्पाला वेगळं पाकीट, धोतर-शर्ट. चार साड्यांची बॅग परत आली, पण फ्लॅटवर तो नवा बेडही आलाय म्हणे. दिलीपने दोनदा सांगितलं, गादी किती चांगली आहे ते. अक्का म्हणाल्या, "येईन की, रविवारी."

२२ फेब्रु., रवि.

सांध्यांत सीलंट भरायला आज देवनहळ्ळीला. शेवटचं काम. बसप्पा दुसऱ्या साइटवर, मी एकटीच, टेप आणि नळी घेऊन. ऊन छान होतं.

दहाच्या सुमाराला अक्का तयार होऊन बाहेर. इस्त्रीची साडी, गळ्यात फोन, पायाशी पिशवी. "स्वल्प बाजूला गं." मी नळी उचलली. खाली उतरल्या, रस्त्याशी थांबून दोन्हीकडे बघितलं, इंडिकेटर दिला. रिकाम्या गल्लीत इंडिकेटर! डावीकडे गेल्या.

कुठे ते मी विचारलं नाही. दहा मिनिटांत येतील असं धरून चाललेले. तिसरा सांधा, चौथा. पाऊण तास होऊन गेला. एकदा गेटपर्यंत जाऊन बघून आले. मग स्वतःचाच राग आला, आणि परत एकदा गेले.

फोन वाजला. दिलीप. "आई उचलत नाहीये. तुम्ही आहात ना तिथे? ती घरात आहे?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"बाहेर गेल्यात. स्कूटर घेऊन."

"कुठे?"

"सांगून नाही गेल्या."

मागे टीव्ही चालू होता त्याच्याकडे, कोणीतरी तो बंद केला.

"बाजाराचा दिवस आहे का आज?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"साडी कुठली होती? रोजची?"

"इस्त्रीची. हिरवी."

"मग पोस्टातल्या बायका," तो म्हणाला. "त्यांचा दर महिन्याला एक ग्रुप असतो. दिवाळीपासून गेली नव्हती." जरा वेळाने, "बरं."

पण फोन त्याने ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पायरीवर बसले, सीलंटचे हात गुडघ्यांना लागू न देता, आणि आम्ही दोघं तसेच लाइनवर राहिलो.